कोळसा कुणी काढला?



“कोळसा उगाळावा तितका काळाच,” अशी आपल्याकडे म्हण आहे. वाईट गोष्टीची जितकी चौकशी करावी तितके वाईटच बाहेर येते, असा तिचा अर्थ. आज आम्ही तुमच्यापुढे खरोखरचा कोळसाच उगाळणार आहोत. त्यातून काळे तर निघेलच. पण थोडा उजेडही निघेल, असे आम्हांला वाटते.

कोळसा दोन जातींचा असतो. एक लोणारी कोळसा. तो लाकूड अर्धवट जाळून करतात. इस्त्रीवाला आणि लोहार तो वापरतात. दुसरा दगडी कोळसा. तो कुणी करीत नाही. तो जमिनीच्या पोटात असतो. तो खणून काढावा लागतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात दगडी कोळशाची एकही खाण नाही. तरी आपला आणि कोळशाचा संबंध जुना आहे. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याला वीजघर आहे. ते १९७० च्या सुमारास सुरू झाले. त्याच्यासाठी आगगाडीच्या वाघिणी भरभरून कोळसा आला. त्याच्याही आधी आगगाडी स्वतःच कोळसा खात होती. १९३० पर्यंत मुंबईपासून इगतपुरीपर्यंत विजेचे इंजिन आले. पण इगतपुरीच्या पुढे, मनमाड-भुसावळकडे, पुष्कळ वर्षे कोळशाचेच इंजिन धावत होते. फायरमन बेलच्याने कोळसा भट्टीत टाकायचा, तेव्हा गाडी पुढे जायची.

दिवा लागला. गाडी धावली. पिठाची गिरणी फिरली. पण हा कोळसा कुणी काढला? कुठून काढला? ती माणसे कोण होती? हे आपण कधी विचारले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आपल्याकडे कोळसा का नाही?

आधी कोळसा कसा झाला ते पाहू.

पंचवीस कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. तेव्हा माणूस नव्हता. गाय नव्हती, पाखरू नव्हते. मोठमोठी दलदलीची राने होती. झाडे वाढली, पडली, चिखलात बुडाली. त्यांच्यावर गाळ साचला. पुन्हा राने वाढली, पुन्हा गाळ आला. वरच्या गाळाचे ओझे आणि पोटातली उष्णता यांनी त्या झाडांचा हळूहळू कोळसा झाला. म्हणजे कोळसा हा नुसता दगड नव्हे. ते दाबून ठेवलेले जुने रान आहे. झाडांनी त्या काळी सूर्याचे जे ऊन घेतले, तेच आज आपल्या चुलीत किंवा वीजघरात बाहेर येते.

आपल्या नाशिककडचे डोंगर पाहा. ब्रह्मगिरी पाहा, अंजनेरी पाहा, सप्तशृंगीचा गड पाहा. सगळा काळा कातळ. हा कातळ म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तापलेला रस. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला आणि थिजला. आपण त्या थिजलेल्या रसावर नांगर धरतो. त्यात कोळसा सापडणार कसा? विदर्भाच्या पूर्व भागात मात्र हा कातळ संपतो. तिथे जुने थर वर येतात. म्हणून महाराष्ट्राचा कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत आहे.

इथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. ज्या काळच्या थरांत हा कोळसा आहे, त्या थरांना शास्त्रज्ञ ‘गोंडवन’ थर म्हणतात. हे नाव आले आपल्या गोंड लोकांवरून. त्यांचे राज्य जिथे होते, त्या मुलखावरून. ह्या थरांत जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे सापडतात. तसेच ठसे आफ्रिकेत सापडले, ऑस्ट्रेलियात सापडले. दक्षिण टोकाच्या बर्फाळ मुलखातही सापडले. त्यावरून शास्त्रज्ञांनी ओळखले, की हे सगळे देश कधी काळी एकमेकांना चिकटलेले होते. त्या महाखंडालाही त्यांनी गोंडवन हेच नाव दिले. चांद्याच्या रानात राहणाऱ्या लोकांचे नाव अशा रीतीने जगाच्या पुस्तकात गेले.

वरोऱ्याची खाण

आता खाणींची हकिकत ऐका.

हिंदुस्थानात दगडी कोळसा काढायला १७७४ साली बंगालमध्ये राणीगंजला सुरुवात झाली. आपल्या बाजूला मात्र सुरुवातीची आगगाडी विलायतेतून बोटीने आलेल्या कोळशावर चालत होती. इतक्या लांबचा कोळसा महाग पडे. म्हणून इंग्रज सरकारने जवळपास कोळसा शोधायला घेतला. तो चांदा जिल्ह्यात सापडला. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर.

१८७० नंतर वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली. बाबा आमट्यांचे आनंदवन ज्या वरोऱ्याजवळ आहे, तेच हे वरोरा. कोळसा बाहेर न्यायला वाट हवी, म्हणून वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला. आज त्या बाजूने आगगाडीने जाणारे हजारो लोक आहेत. ही वाट मुळात कोळशासाठी पडली, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. त्या सुमारास बल्लारपूरची खाण पुढे आली. मग घुग्घुस, राजूर, माजरी, लालपेठ, सास्ती अशी एकेक नावे वाढत गेली. नागपूरकडे कामठी, उमरेड, सावनेर ही नावे आली. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात परासियाच्या बाजूला खाणी होत्या. छिंदवाडा आणि विदर्भ १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्यामुळे त्या खाणींची गोष्टही आपल्या गोष्टीला जोडलेली आहे.

पुष्कळ वर्षे बहुतेक खाणी खाजगी मालकांच्या होत्या. १९७३ साली त्या सरकारने ताब्यात घेतल्या. १९७५ साली कोल इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. तिच्याच हाताखाली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपूरला बसून या भागातल्या खाणी पाहते.

जमिनीखालचा दिवस

जुन्या खाणीत काम कसे चाले?

काही खाणींत उतरती वाट असे. काहींत खोल विहीर असे. विहिरीत लोखंडी पाळणा सोडीत. माणसे त्यात उभी राहून खाली जात. खाली दिवस नाही, रात्र नाही. डोक्याच्या टोपीवर बत्ती असेल तेवढाच उजेड. खाणीवरच्या बत्तीघरातून बत्ती घ्यायची आणि परत येताना तिथेच द्यायची. एखादी बत्ती परत आली नाही, तर एक माणूस खालीच आहे असे समजायचे.

कोळसा कापणाऱ्याला मलकट्टा म्हणत. तो कोळसा कापी आणि दुसरे लोक तो टबात भरीत. टब म्हणजे रुळांवरून ढकलायचा लोखंडी डबा. किती टब भरले, त्यावर मजुरी. सगळा कोळसा एकदम काढीत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात. त्या खांबांवर वरचे छत तोलून राहते. काही ठिकाणी रिकाम्या जागेत नदीची रेती भरतात, म्हणजे वरची जमीन खचत नाही.

छत खाली येईल की काय, ही कायमची भीती. जुना जाणता कामगार काठीने छत ठोकून पाही. आवाज खणखणीत आला तर छत पक्के. पोकळ, बद्द आवाज आला तर तिथून निघायचे. लाकडी टेकू करकरला तरी तो सावध होई. काचेतल्या बत्तीची ज्योत बदलली, तर तो हवेतला विषारी किंवा पेट घेणारा वायू ओळखी. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांच्या कानांत जास्त होते. बाप मुलाला शिकवी, सरदार नव्या गड्याला शिकवी.

ह्या खाणींवर कामाला आसपासच्या खेड्यांतले शेतमजूर आले, गोंड आले. तेलुगू मुलखातून, छत्तीसगडातून, उत्तरेकडून माणसे आली. एका चाळीत चार भाषा बोलल्या जात. सणाला एकमेकांच्या घरचे खाणे जाई.

बायकाही खाणीत उतरत. नवरा कोळसा कापी, बायको तो डोक्यावरून वाही. १९२९ पासून सरकारने हळूहळू बायकांना जमिनीखाली जायला बंदी केली. १९३७ मध्ये ही बंदी पुरी झाली. हेतू चांगला होता. पण जोडप्याच्या कमाईतला एक हिस्सा गेला. मग महायुद्ध आले. कोळसा कमी पडू लागला. १९४३ साली बंदी उठवली आणि बायकांना पुन्हा खाली नेले. १९४६ साली पुन्हा बंदी आली. गरज असली की या, गरज संपली की जा! पुढे २०१९ साली, दिवसा आणि काही ठराविक जागांवर, स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा मिळाली. त्या आधीच्या बायकांनी काय सोसले, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायला मात्र आता फार उशीर झाला आहे.

काय हरवते आहे?

आता खाणी बदलल्या. पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली न जाता वरूनच माती काढतात. प्रचंड यंत्रे येतात आणि डोंगराएवढे ढिगारे उभे राहतात. अशा उघड्या खाणीसाठी शेते जातात. कधी आख्खे गाव उठते. गाव उठले की देऊळ, पार, विहीर, मसणवट, सगळेच उठते.

जुन्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद होतात. यंत्रे भंगारात जातात. बत्तीघराचे छप्पर पडते. चाळी ओस पडतात. ज्या म्हाताऱ्याला छताचा आवाज कळत होता, तो एक दिवस जातो. त्याच्याबरोबर त्याचे ज्ञान जाते.

दप्तरात काय उरते? किती टन कोळसा निघाला, किती रुपयांना विकला. टनांचा हिशेब बरोबर असतो. पण माणसांचा हिशेब कुठे आहे?

१९५४ च्या डिसेंबरात परासियाजवळ न्यूटन चिखली येथील खाणीत पाणी घुसले. साठांहून अधिक माणसे गेली. तारीख आणि आकडा कागदावर आहे. पण ती माणसे कोण होती, कोणत्या गावची होती, मागे कोण राहिले, हे आपल्यापैकी कुणाला सांगता येईल?

जुने जपून काय मिळते?

कुणी म्हणेल, “गुरुजी, झाले ते झाले. जुने उकरून काय पोट भरते?” प्रश्न रास्त आहे. त्याला आमची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर: जुना कागद जीव वाचवतो. बंद पडलेल्या खाणीत पाणी साचते. शेजारी नवी खाण खणताना ते पाणी कुठे आहे हे कळले नाही, तर घात होतो. १९७५ साली २७ डिसेंबरला धनबादजवळ चासनाला खाणीत असेच पाणी फुटले. पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली.

अमेरिकेत २००२ साली अशीच एक घटना घडली. नऊ कामगार कोळसा कापीत होते. नकाशाप्रमाणे शेजारची जुनी खाण अजून दूर होती. प्रत्यक्षात ती अगदी जवळ होती. भिंत फुटली आणि लोंढा आत आला. तीन दिवसांहून अधिक काळ ते नऊजण पाण्याने कोंडले गेले. वरून भोक पाडून त्या सर्वांना जिवंत काढले, हे नशीब. पुढे चौकशी झाली. जुन्या खाणीचा शेवटचा, खरा नकाशा मिळाला. कुठे मिळाला? कोळशाच्या एका संग्रहालयात, जुन्या तपासनिसाच्या कागदपत्रांत. तो कागद वेळेवर योग्य हातात पडता, तर संकट आलेच नसते. ज्याला आपण रद्दी म्हणतो, त्यात कधी नऊ माणसांचे प्राण असतात.

दुसरे उत्तर: जुना कागद हक्क राखतो. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद, डॉक्टरचा दाखला. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे खराब होतात. तो रोग पुष्कळ वर्षांनी वर येतो. तेव्हा माणसाला सिद्ध करावे लागते, की मी अमुक खाणीत इतकी वर्षे राबलो. तोंडच्या बोलण्याला कचेरीत किंमत नसते. तिथे कागद लागतो.

तिसरे उत्तर: माणसाला आपले मूळ कळावे लागते. राजांच्या लढाया पुस्तकात आहेत, त्या असाव्यातच. पण ज्याने वीजघराला कोळसा पुरवला, त्याचाही देश उभारण्यात वाटा आहे. त्याच्या नातवाला ते ठाऊक असले, तर तो ताठ मानेने उभा राहील.

इतरांनी काय केले?

विलायतेत वेल्स नावाचा मुलूख आहे. तिथली ‘बिग पिट’ नावाची खाण १९८० साली बंद झाली. लोकांनी ती बुजवू दिली नाही. १९८३ पासून ती पाहायला खुली झाली. पाळण्यातून तीनशे फूट खाली नेतात. दाखवणारे लोक कोण? ज्यांनी खाणीत काम केले, तेच. जर्मनीत त्सोलफेराइन नावाची मोठी खाण १९८६ साली बंद पडली. तिच्या इमारती जपल्या. २००१ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपल्याकडेही नागपूर जिल्ह्यात सावनेरच्या बाजूला २०१६ साली लोकांना खाण दाखवण्याची योजना निघाली. सुरुवात म्हणून ती चांगली.

पण आम्हांला सर्वांत आवडली ती जपानच्या एका कामगाराची गोष्ट. त्याचे नाव यामामोतो साकुबेई. जन्म १८९२ सालचा. सात-आठ वर्षांचा असतानाच तो आईबापांबरोबर खाणीत जाऊ लागला. पन्नास वर्षे खाणीत गेली. म्हातारपणी तो पहारेकरी झाला. वयाची साठी उलटल्यावर त्याने हातात कुंचला घेतला. खाणीत आपण कसे राबलो, हे नातवंडांना कळावे, एवढीच त्याची इच्छा. कोळसा कापणारा पुरुष, ओझे ओढणारी बाई, दिवा, हत्यारे, चाळीतले जेवण, भांडण, सण, सारे त्याने आठवणीने काढले. चित्राच्या कडेला माहिती लिहिली. अशी शेकडो चित्रे झाली. १९८४ साली तो वारला. २०११ साली जगातल्या राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने त्याची चित्रे आणि रोजनिशा ‘जगाची स्मृती’ म्हणून नोंदवून घेतल्या. जपानातून तो मान मिळालेली ती पहिलीच ठेव. राजाची नव्हे, पंडिताची नव्हे, एका खाणकामगाराची!

त्याने साठीनंतर चित्रे काढायला घेतली. तुम्हीही मोठेपणी अक्षर गिरवले आहे. म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे असे आम्ही समजतो.

आपण काय करावे?

तुमच्या नात्यातले किंवा ओळखीचे कुणी चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेडकडे खाणीत होते का? असतील तर त्यांना विचारा. कुणी इगतपुरी-मनमाडला कोळशाच्या इंजिनावर होते का? एकलहऱ्याच्या वीजघरात राबले का? त्यांनाही विचारा. विचारताना घाई करू नये. म्हाताऱ्या माणसाला आठवायला वेळ लागतो. बायांना वेगळे विचारावे, कारण पुरुषांसमोर त्या पुष्कळदा गप्प बसतात.

पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात. माणसाचे नाव आणि गाव. कामाचे ठिकाण. साल नक्की ठाऊक नसेल, तर “त्या मोठ्या दुष्काळाच्या आधी”, “थोरल्या मुलाच्या जन्माच्या वर्षी” असे लिहावे. त्यावरून साल काढता येते. मजुरी किती होती. हत्यारांची नावे काय होती. अपघात झाला असेल, तर कोण गेले. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि चूक असेल ती दुरुस्त करावी. त्यांची संमती घेतल्यावाचून ते कुणाला देऊ नये.

जुनी बत्ती, टोपी, बिल्ला, कार्ड, फोटो भंगारवाल्याला विकू नये. कागद घडी न घालता, कोरड्या जागी, वाळवी लागणार नाही असे ठेवावेत. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहावीत. बिननावाचा फोटो दोन पिढ्यांनी परका होतो. शाळेत किंवा वाचनालयात एक कपाट मागून घ्यावे आणि गावाचा ठेवा तिथे ठेवावा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बंद पडलेल्या खाणीत कुणीही उतरू नये, मुलांना जाऊ देऊ नये. तिथे विषारी हवा असते, पाणी असते, जमीन खचते. इतिहास माणसांच्या तोंडून गोळा करायचा. जीव धोक्यात घालून नव्हे.

खाण नसली म्हणून आपले गाव मोकळे सुटत नाही. सिन्नरला विडी वळणारे हात आहेत. येवल्याला पैठणी विणणारे आहेत. मालेगावला माग चालवणारे आहेत. धरणाला, रस्त्याला ज्यांनी दगड फोडला ते आहेत. त्यांचा इतिहास कुणी लिहिला? लिहिणारा बाहेरून येईल म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. अक्षर आता तुमच्या हातात आहे.

वाचा, बोला, लिहा

१. नाशिकच्या डोंगरांत कोळसा का सापडत नाही?

२. वर्धा-वरोरा लोहमार्ग कशासाठी टाकला?

३. खाणीचे छत पक्के आहे की नाही, हे जुना कामगार कसे ओळखी?

४. जुना नकाशा वेळेवर योग्य हातात पडला असता तर अमेरिकेतल्या खाणीत काय टळले असते? आपल्या घरातला कोणता कागद असा जपून ठेवण्यासारखा आहे?

५. तुमच्या गावातल्या सर्वांत वृद्ध कष्टकरी माणसाला किंवा बाईला भेटा. त्यांच्या कामाविषयी दहा ओळी लिहून पुढच्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवा.